देवप्रीती आणि शेजारप्रीती : तीन आक्षेपांचे खंडन

ख्रिस्ती नीतिविचाराचा सारा भार दोन आज्ञांवर आहे. देवावर संपूर्ण अंतःकरणाने, जिवाने व शक्तीने प्रीती करावी, ही पहिली आज्ञा ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही दुसरी ‘लेवीय’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. दोन्ही ग्रंथ यहुदी नियमशास्त्राचे, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच ग्रंथांचे भाग असल्यामुळे या आज्ञा येशूने नव्याने सांगितल्या असे म्हणता येत नाही. मार्काच्या शुभवर्तमानातील प्रसंगात एक शास्त्री सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारतो; येशू मात्र एक विचारली असताना दोन सांगतो आणि त्या परस्परांपासून वेगळ्या काढता येणार नाहीत अशा रीतीने सांगतो. या जोडणीवर आजवर तीन बाजूंनी आघात झाले आहेत. भक्ती हेच सार असून शेजाऱ्याची सेवा गौण आहे, असे एक पक्ष म्हणतो. सेवा पुरेशी असून तिला देवाची गरज नाही, असे दुसरा म्हणतो. आणि ख्रिस्ती सेवा हे धर्मांतराचे आमिष आहे, असे तिसरा म्हणतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, शेजारी ही देवप्रीतीची कसोटी आहे आणि शेजारप्रीतीला उपकाराचे रूप येऊ न देणारी शक्ती देवप्रीती आहे. त्यांपैकी एक वजा केली की दुसरीही शिल्लक राहत नाही, तिचे केवळ सोंग उरते.

पहिल्या पक्षाला मोठ्या नावांचा आधार आहे. संत ऑगस्टीन यांनी भोग्य आणि उपयोज्य असा भेद केला. जी वस्तू तिच्याखातरच प्रिय मानावी ती भोग्य, आणि जी दुसऱ्या कशाकडे जाण्यासाठी वापरावी ती उपयोज्य. खऱ्या अर्थाने भोग्य केवळ देव आहे. मग शेजारी कोणत्या वर्गात बसतो, हा प्रश्न स्वतः ऑगस्टीन यांनाही सोपा गेला नाही. हाना आरेन्ट यांनी 1929 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात याच जागी बोट ठेवले : जो सर्वस्वी देवाकडे वळला आहे, त्याच्या लेखी शेजाऱ्याला शेजारी म्हणून काय महत्त्व उरते? भक्तिपर पक्ष या प्रश्नाने विचलित होत नाही, कारण त्याला शेजाऱ्याचे दुय्यमत्व मान्यच असते. लूकच्या दहाव्या अध्यायात पाहुणचाराच्या धांदलीत असलेल्या मार्थेपेक्षा पायांशी बसून ऐकणाऱ्या मरियेची निवड येशूने उचलून धरली, हा दाखलाही तो पक्ष पुढे करतो.

परंतु हा दाखला अर्धा आहे. त्याच अध्यायात, या प्रसंगाच्या लगेच आधी, जखमी प्रवाशाला टाळून पुढे गेलेल्या याजकाचा आणि लेव्याचा, म्हणजे मंदिरसेवेतल्या माणसांचा, दृष्टांत आहे. मार्थेला दिलेली समज तिच्या सेवेबद्दल नसून तिच्या त्राग्याबद्दल आणि बहिणीविरुद्धच्या तक्रारीबद्दल आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा मुळात कोठे आली आहे ते पाहिले पाहिजे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात तिच्या मागेपुढे जे नियम आहेत ते शेताचे, मजुरीचे आणि न्यायाचे आहेत : पिकाची कापणी करताना शेताच्या कडा गरिबांसाठी व परक्यांसाठी राखाव्यात, मजुराचा रोज सकाळपर्यंत अडवून ठेवू नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, निवाडा करताना गरिबाकडे किंवा बड्याकडे झुकू नये, आणि देशात राहणाऱ्या परदेशी माणसावरही स्वतःसारखी प्रीती करावी. हे सर्व नियम देवाच्या पावित्र्याच्या नावाने सांगितलेले आहेत. मजुराची संध्याकाळची मजुरी वेळेवर देणे हाच जर पावित्र्याचा भाग असेल, तर शेजाऱ्याला भक्तीच्या अंगणाबाहेर ठेवता येत नाही. दिसणाऱ्या बंधूवर प्रीती न करणारा न दिसणाऱ्या देवावर प्रीती करतो असे म्हणेल तर तो लबाड ठरतो, हा योहानाच्या पहिल्या पत्रातील निष्कर्ष याच भूमीतून निघाला आहे.

शेजारी मग केवळ स्वर्गाची शिडी ठरतो काय, या आरेन्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या वर्णनात मिळते. तेथे भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणाऱ्यांना राजा म्हणतो की ते सारे त्यांनी राजालाच दिले; त्यावर ते चकित होतात, कारण हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. हे आश्चर्यच निर्णायक आहे. पुण्याच्या हिशेबाने सेवा करणारा चकित होत नाही, त्याला आपली जमा ठाऊक असते. या लोकांचे लक्ष भुकेल्या माणसाच्या भुकेवर होते. शेजारी त्यांचे साधन नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या ठायी देवाची भेट झाली.

दुसरा पक्ष मानवतावाद्यांचा. त्यांचा युक्तिवाद दुहेरी आहे. प्रीती ही भावना असून भावनेला आज्ञा देता येत नाही, हा त्याचा एक पदर. आणि सरसकट सर्वांवर प्रीती करणे अशक्य तर आहेच, शिवाय अन्याय्यही आहे, हा दुसरा. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1930 सालच्या ग्रंथात हा दुसरा पदर निर्भीडपणे मांडला : आपली प्रीती मोलाची आहे, ती परक्याला आपल्या माणसांच्या बरोबरीने वाटली तर आपल्या माणसांवर अन्याय होतो, आणि परका बहुधा त्या प्रीतीला पात्रही नसतो. ज्यांना हा कठोरपणा नको असतो ते एवढेच म्हणतात की माणुसकी पुरेशी आहे, तिला ईश्वराचा टेकू कशाला?

पहिल्या पदराचे उत्तर इमॅन्युएल कांट यांनीच 1785 साली दिले आहे. भावना म्हणून प्रीतीची आज्ञा देता येत नाही, हे त्यांना मान्य होते. पण कृतीत वसणारी, संकल्पातून उगवणारी प्रीती आज्ञेचा विषय होऊ शकते आणि शास्त्रातील आज्ञा याच अर्थाने समजावी, असे त्यांनी म्हटले. सोरेन किर्केगार्ड यांनी 1847 साली एक पाऊल पुढे टाकून असे प्रतिपादिले की, प्रीती कर्तव्य झाली म्हणजेच ती मनाच्या लहरींपासून सुरक्षित होते. त्याच जखमी प्रवाशाच्या, म्हणजे शोमरोनी माणसाच्या, दृष्टांतात याचे प्रत्यक्ष रूप दिसते. यहुदी आणि शोमरोनी यांचे पिढ्यान् पिढ्यांचे वैर होते, उपासनेचे स्थळ कोणते यावरही वाद होता. अशा वैऱ्याच्या घरचा माणूस यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर थांबतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, अधिक खर्च झाल्यास परतताना फेडण्याची हमी देतो आणि आपल्या कामाला निघून जातो. दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराचा एका दिवसाचा रोज. तेव्हा येथे दोन दिवसांच्या मजुरीएवढ्या रकमेची गोष्ट आहे, सर्वस्वदानाची नाही. शोमरोन्याला कळवळा आला हे खरे, पण त्या कळवळ्याला लगेच तेलाचे, पट्टीचे, जनावराचे आणि पैशाचे माप मिळाले. जगातील सर्वांवर एकाच वेळी भावना उधळण्याची अशक्य मागणी येथे कोठेही नाही. वाटेत जो आडवा आला त्याला टाळून जाऊ नये, एवढीच मागणी आहे. फ्रॉइड यांचा आक्षेप ज्या आज्ञेवर आहे ती आज्ञा येशूने दिलेलीच नाही.

पात्रतेचा मुद्दा मात्र खोलवर जातो, आणि देवाची गरज काय या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे. देव न मानणाऱ्यांनी निःस्वार्थ सेवा केल्याची उदाहरणे विपुल आहेत आणि ती नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. प्रश्न सेवा कोणाला जमते हा नाही. सेवा करणारा स्वतःला कोठे उभा करतो, हा आहे. पात्रता पाहून केलेली मदत देणाऱ्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवते आणि घेणाऱ्याला याचक करते. मत्तयच्या अठराव्या अध्यायात दहा हजार तालांतांचे, म्हणजे कोणाही चाकराला जन्मात न फिटणारे, कर्ज ज्याला माफ झाले तो चाकर शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. या दृष्टांताचा रोख असा की, देवापुढे प्रत्येक जण आधी घेणारा आहे. ज्याला हे उमगले त्याला शेजाऱ्याला देताना उंचावर उभे राहता येत नाही, कारण तो स्वतःच्या खिशातून काही देत नसतो, मिळालेले पुढे पोहोचवत असतो. या भूमिकेची सामाजिक ताकद विरोधकालाही जाणवली होती. रोमन सम्राट ज्युलियन याने चौथ्या शतकात जुन्या देवतांची उपासना पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गलातियातील मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्याने खंत व्यक्त केली की, हे ख्रिस्ती लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्या गरिबांनाही पोसतात आणि आमचे लोक मात्र मागे राहतात.

तिसरा पक्ष सर्वांत बलवान आहे, आणि महाराष्ट्र व गोव्याच्या संदर्भात तो टाळून चालणार नाही. ज्या धर्माने शेजारप्रीती शिकवली त्याच धर्माच्या नावाने गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, इन्क्विझिशनचे न्यायासन चालले. पुढे ब्रिटिश अमदानीत मिशनांच्या शाळा, दवाखाने आणि दुष्काळातली अन्नछत्रे उभी राहिली, तेव्हा भाकरीच्या मागे बाप्तिस्मा येतो, असा संशय दृढ झाला. पंडिता रमाबाई यांनी 1889 साली मुंबईत काढलेले आणि पुढे पुण्यास हलवलेले शारदा सदन हे या वादाचे ठळक उदाहरण होय. संस्था धर्माबाबत तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवत आणि काही मुली तेथे येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

या आक्षेपातले जे खरे आहे ते आधी निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. इन्क्विझिशन हे शेजारप्रीतीचे उल्लंघन होते, तिचा अतिरेक नव्हे. श्रद्धेच्या अटीवर दिलेली भाकरी हा सौदा असतो. आश्रय देणारा आणि आश्रित यांच्यात सत्तेचे अंतर असते, त्यामुळे उघड्या दारालाही वजन येते, हेही खरे. पण यावरून ख्रिस्ती सेवा मुळातच आमिष आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे आज्ञा मोडणाऱ्याच्या वर्तनावरून आज्ञेचा अर्थ लावणे होय. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो; त्यांपैकी एकच, तोही शोमरोनी, आभार मानायला परत येतो. उरलेल्या नऊ जणांबद्दल येशू विचारणा करतो, पण त्यांचे बरे होणे काढून घेत नाही. दृष्टांतातला शोमरोनी तर जखमी शुद्धीवर येऊन आभार मानील याची वाटही पाहत नाही. सेवा परत घेता येण्याजोगी असेल तर ती प्रीती नव्हे, हे माप शुभवर्तमानातच दिलेले आहे. रमाबाईंच्या बाबतीतही एवढे विसरता येत नाही की, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा केडगावला आणल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी जागा करणारी दारे समाजात फार थोडी होती. आणि रमाबाईंची केडगावातील ‘मुक्ती’ ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती, तिने आपली श्रद्धा लपवून कोणाला फसवले नाही.

आक्षेपांचे निरसन झाल्यावर मंडन करावयाचे ते असे : शेजारप्रीती पूर्णत्वाला जाते ती शेजाऱ्याचे अवलंबन कमी होते तेव्हा. याचे दर्शन ज्या प्रयोगात घडते तो अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की, गावाचे आरोग्य डॉक्टरांच्या हाती न ठेवता ते गावातल्याच बायांच्या हाती सोपवले गेले. त्यांतल्या कित्येक दलित समाजातल्या आणि अक्षरओळख नसलेल्या होत्या. सुरक्षित बाळंतपण, गरोदर बाईचा आहार, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, या गोष्टी त्या शिकल्या आणि घरोघर जाऊन त्यांनी शिकवल्या. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास गावांत विंधनविहिरी घेण्याची वेळ आली, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसवण्यावर भर देण्यात आला. परिणामी ज्या वस्तीला गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्याच वस्तीत घागर घेऊन यायची पाळी सवर्णांवर आली. येथे प्रवचन झाले नाही, अट घातली गेली नाही, आणि श्रद्धा लपवलीही गेली नाही. लेवीयमधील शेताच्या राखलेल्या कडांचा जो अर्थ आहे तोच या हातपंपाच्या जागेचा आहे : दुर्बळाचा वाटा दात्याच्या मर्जीवर न सोडता गावाच्या रचनेतच बसवणे.

या उदाहरणावरून शेजारप्रीतीची तीन लक्षणे निश्चित करता येतात. ती निरपेक्ष असते, म्हणजे घेणाऱ्याच्या श्रद्धेवर, कृतज्ञतेवर किंवा पात्रतेवर अवलंबून नसते. ती न्यायाला धरून असते, म्हणजे मजुरी, पाणी आणि निवाडा यांना भूतदयेइतकेच तिचे क्षेत्र मानते. आणि ती ज्ञान व अधिकार हातचे राखून ठेवत नाही, म्हणजे आजचा घेणारा उद्याचा देणारा व्हावा अशी तिची इच्छा असते. देवप्रीतीने या तिन्ही लक्षणांना आधार मिळतो, कारण जो स्वतःला देवाच्या दानाचा धनी न मानता केवळ कारभारी मानतो त्यालाच आपले वरचढपण सोडणे जड जात नाही.

ही लक्षणे ख्रिस्ती समाजाने इतरांना ऐकवण्यापूर्वी स्वतःला लावून पाहणे क्रमप्राप्त आहे. गोव्यातील काही कोंफ्रारिया, म्हणजे चर्चशी संलग्न धार्मिक बंधुसंघ, जातीच्या आधारावर चालत आले. महाराष्ट्रातील मंडळ्यांतही लग्नसंबंध जुळवताना पूर्वाश्रमीची जात विचारली जाते. आणि धर्मांतरानंतरही दलित ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला आलेली विषमता चर्चने दूर केली नाही, अशी टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली होती. या टीकेला आज्ञेच्या उच्चारवाने उत्तर देता येत नाही. एकाच वेदीपुढे भाकर मोडून घेणाऱ्यांनी सोयरिकीच्या वेळी जात पाहावी, हे देवप्रीतीच्याही विरुद्ध आहे. कारण ज्या शेजाऱ्याला बरोबरीने वागवायचे नाही त्याच्यासह केलेल्या उपासनेला योहानाच्या पत्राने आधीच नाव देऊन ठेवले आहे. तेव्हा दोन आज्ञांची जोडणी ही अवघड तत्त्वज्ञानाची बाब नसून ती रोजच्या व्यवहारात तपासता येणारी अट आहे, आणि जी मंडळी ही अट आपल्या घरात पाळील तिच्याच सेवेवरचा संशय टिकणार नाही.