रुग्णाच्या नोंदी कोणाच्या ताब्यात?

रुग्णालयासाठी संगणक प्रणाली घ्यायची म्हटले की बैठकीत पहिला विषय निघतो किमतीचा. ओपन सोर्स फुकट, क्लोज्ड सोर्स महाग पण भरवशाचे, अशी वाटणी करून मंडळी मोकळी होतात. खरा फरक वेगळाच आहे. ओपन सोर्स प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता आणि गरजेप्रमाणे बदलता येते. क्लोज्ड सोर्समध्ये ती कंपनीच्या कुलपात असते.

सरकारी रुग्णालयात हे जाणवते ते कंत्राट संपल्यावर. समजा, पाच वर्षांपूर्वी एका रुग्णाला पेनिसिलिनची जबर ॲलर्जी आल्याची नोंद जुन्या प्रणालीत आहे आणि नव्या प्रणालीला ती वाचता येत नाही. रुग्ण बेशुद्धावस्थेत आला, तर रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने विचारायचे कोणाला? जुना केसपेपर निदान उघडता तरी यायचा. (आमचे अक्षर लागले तर!)

पर्याय आहेत. केनियातील एचआयव्ही रुग्णांच्या उपचारांच्या गरजेतून २००४ मध्ये ‘ओपनएमआरएस’ या ओपन सोर्स नोंदप्रणालीचे काम सुरू झाले. तिच्याच पायावर छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी ‘बहमनी’ उभी राहिली.

मात्र आज्ञावली खुली आहे म्हणून ती कोणी वाचतेच असे नाही. ‘ओपनएसएसएल’ या ओपन सोर्स प्रणालीतील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी सुमारे दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. ती उघड झाली २०१४ मध्ये. शिवाय कंपनीची प्रणाली बंद पडली तर फोन करायला, दंड लावायला कोणीतरी असते. ओपन सोर्स घ्यायचे आणि ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांची पदे मात्र मंजूर करायची नाहीत, हे व्हेंटिलेटर आणून ऑक्सिजनची जोडणी न देण्यासारखे आहे.

सीटी स्कॅन यंत्रातील प्रणाली बंद राहिली तरी माझी हरकत नाही. त्याच्या प्रतिमा ‘डायकॉम’ या खुल्या मानकात मिळतात, दुसऱ्या संगणकावरही उघडतात. रुग्णाच्या नोंदींसाठी मात्र ओपन सोर्सच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद प्रणाली घ्यायचीच असेल, तर कंत्राट संपताना सर्व नोंदी खुल्या स्वरूपात आणि विनामूल्य परत देण्याची अट निविदेतच घालावी. ते शक्य आहे हे कंपनीने दरवर्षी एकदा आमच्यासमोर करून दाखवावे.