चाल उसनी, बोल आपले

“भीमगीतांना स्वतःची चाल कुठे असते? सगळी सिनेमाची उचललेली!” असे नाक मुरडून म्हणणारी शिकलेली माणसे आपल्याच वस्तीत आहेत. त्यांनी ‘बेगर्स ऑपेरा’ म्हणजे ‘भिकाऱ्याचा ऑपेरा’ याचे ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे. ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा युरोपातला भाऊबंद.

त्या काळी लंडनच्या बड्या लोकांत इटालियन ऑपेराची चलती होती. कथा राजे-सरदारांच्या, भाषा परकी. हँडेल हा त्यातला मोठा संगीतकार. २९ जानेवारी १७२८ रोजी जॉन गे या कवीने रंगमंचावर थेट चोर आणि दरोडेखोर आणले. त्यातला पीचम चोरीचा माल घेतो आणि बक्षिसासाठी त्याच चोरांना फासावर पाठवतो. असा जोनाथन वाइल्ड नावाचा खराखुरा माणूस १७२५ साली फाशी गेला होता. पंतप्रधान वॉलपोल यांच्यावरचा रोखही लोकांनी बरोबर ओळखला. पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग झाले. ‘पॉली’ या पुढच्या नाटकावर मात्र सरकारने बंदी घातली.

आता चालींचे पाहा. गाणी ६९, आणि बहुतेक चाली लोकांच्या तोंडी असलेल्या! दरोडेखोरांच्या गाण्याला तर खुद्द हँडेलच्या ‘रिनाल्डो’तील लष्करी कूच लावली आहे.

जेरेमी बार्लो यांच्या ब्रॉडसाइड बँडचे १९९१ चे ध्वनिमुद्रण मुलाने मोबाईलवर लावून दिले. वाद्ये त्या काळच्या धर्तीची, ताफा लहान. गाणे रंगात येते न येते तोच संपते. “ही कुणाची वरात?” असे आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून विचारले, आणि ते काही चूक नव्हते. इंग्रजी जुने आहे. आधी कथा समजून घ्यावी, नाहीतर निम्मी गंमत जाते.

याच नाटकावरून १९२८ साली ब्रेख्तने जर्मन नाटक केले, त्यावेळी कुर्ट वाइलने चाली नव्या बांधल्या. त्यावरून पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ मध्ये आले. दिग्दर्शक जब्बार पटेल. बाबासाहेबांवरील चित्रपटामुळे ते आपल्या घराघरांत ठाऊक आहेत.

तेव्हा उसनी चाल घेण्यात कमीपणा नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादांपर्यंत आपली गाणी तोंडी बसतील अशा चालींवरच गावोगाव पोचली. पण गे यांची खुबी वेगळी. प्रेक्षकाला जुने शब्द आठवत असतानाच नवे शब्द त्यांना टोला देतात. आपल्याकडे कधीकधी उलटे होते. छचोर गाण्याच्या चालीवर बाबासाहेबांचे नाव येते, आणि पोरे मनात मूळ गाणेच म्हणतात! नाक मुरडणाऱ्यांचे तेवढे म्हणणे मला पटते.

इथे तळेगावात जयंतीच्या गाण्यांची यादी करायला आम्ही बसू, तेव्हा त्या दरोडेखोरांचे गाणे आधी ऐकवणार आहे.