चावी कोणाकडे?

हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आता अनेक घरांतून मालवणचा बेत निघतो. पूर्वी कोकणात जाणे म्हणजे नातेवाइकांकडे जाणे, मासळी-भात खाणे आणि समुद्रात पाय भिजवून परत येणे. आता मुलांचे पाय भिजवून भागत नाही. त्यांना समुद्राच्या पोटात उतरून मासे पाहायचे असतात. दांडी, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यांवरून होड्या सुटतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांजवळ पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून आणि प्रशिक्षकाचा हात धरून पोहता न येणारा माणूसही काही मीटर खोल जाऊन येतो. पावसाळ्यात हे सगळे बंद असते. गर्दी होते ती ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत.

पाण्यातल्या काळजीविषयी प्रशिक्षक सांगतातच. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरे ते लिहावे, एवढेच आम्ही म्हणू. या महिन्यात आम्हाला बोलायचे आहे ते पाण्याबाहेर, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीविषयी. आमच्या पाहण्यात तरी सहलीचा विरस पाण्यात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त होतो.

गेल्या वर्षी मालवणात आम्ही असेच एक कुटुंब पाहिले. दोन भाऊ, त्यांच्या बायका, चार मुले आणि सत्तरी गाठलेल्या अम्मी. होडीत चढण्याआधी धाकट्याने चावी पँटच्या खिशात ठेवली, पँट बॅगेत ठेवली आणि बॅग डिकीत. परत आल्यावर ओल्या कपड्यांत सगळे गाडीभोवती उभे. मोबाइल आत, पैसे आत, चपला आत. अम्मींच्या साखरेच्या गोळ्या आत आणि दोन्ही सुनांच्या ओढण्या, बुरखेही आत. काचेतून सगळे दिसत होते आणि हाताला काहीच लागत नव्हते. मोठा भाऊ धाकट्यावर ओरडू लागला, “चावी कोणाकडे दिली होतीस? इतकेही कळत नाही?” धाकटा मान खाली घालून म्हणाला, “भाईजान, मला वाटले वहिनींनी बॅग बाहेर ठेवली असेल.” आता वहिनीही बोलणार, एवढ्यात अम्मी म्हणाल्या, “आधी पोरांना सावलीत घ्या. चावीचा हिशेब घरी करू.”

शेजारी कोकम सरबत विकणाऱ्या काकूंनी हे ऐकले. त्यांनी घरातून दोन सुती साड्या आणि एक चादर आणून सुनांच्या हाती दिली, अम्मींना खुर्ची दिली आणि आपला फोन पुढे केला. कुडाळहून चावीवाला येईपर्यंत अडीच तास गेले. उघडायला त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत.

हे कुणाच्याही घरात घडू शकते. पण डायव्हिंगच्या सहलीत ते घडण्याची शक्यता अधिक असते आणि त्याची कारणे अगदी साधी आहेत. अंगावरच्या पोशाखाला खिसा नसतो. एरवी खिशात, पर्समध्ये, हातात असणाऱ्या सगळ्या वस्तू एकाच वेळी काढून ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी सर्वांना सोयीची जागा म्हणजे गाडी. त्यात होडीवाला हाका मारत असतो. म्हणजे जी वस्तू गाडी उघडते, तीच गाडीत ठेवण्याचा मोह होतो. परतताना माणसे थकलेली, थंडीने कुडकुडणारी आणि भुकेली असतात.

चावी बरोबर पाण्यात नेऊ नये का? रिमोटची चावी मुळीच नेऊ नये. समुद्रात दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो किनाऱ्यावरच्या दुप्पट होतो. बाजारात मिळणारी प्लास्टिकची पाऊच पावसाच्या सरीला आणि शिंतोड्यांना पुरते. त्या दाबाला ती टिकेलच असे नाही. खारे पाणी आत शिरले की सर्किट गंजते. चुकून भिजलीच, तर बटणे दाबत बसू नये. आतली बॅटरी लगेच काढावी, चावी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि मग नवी बॅटरी घालून पाहावी.

टायरवर किंवा बंपरखाली चावी लपवण्याची अनेकांची सवय आहे. ती जागा आपल्याला ठाऊक असते तशी चोरालाही ठाऊक असते. खडकाच्या कपारीत, वाळूत पुरून ठेवणे तर नकोच, कारण भरतीला वेळ लागत नाही.

मग चावी द्यावी कुणाकडे? आमचे उत्तर असे की, जो पाण्यात जाणार नाही त्याच्याकडे. समुद्रातल्या पहिल्या डाइव्हसाठी साधारणपणे किमान वय दहा वर्षे धरतात. त्यामुळे लहान मुले किनाऱ्यावरच राहतात आणि त्यांच्यासाठी एक मोठे माणूसही थांबते. बहुधा ती आजी असते, खाला असते किंवा ज्यांना पाण्याची भीती वाटते ते फुफाजी असतात. त्यांना आपण ‘तुम्ही बसा इथे’ म्हणून निघून जातो. त्याऐवजी चावी, एक चालू फोन आणि पाण्याची बाटली त्यांच्या हाती द्यावी. आता ते नुसते सामान राखणारे राहत नाहीत, सर्वांची अमानत सांभाळणारे होतात. देताना सर्वांसमोर द्यावी आणि मोठ्याने सांगावे, “चावी खालांकडे आहे.” हे एक वाक्य पुढचे दहा प्रश्न वाचवते.

सगळेच पाण्यात जाणार असतील तर जिथे उतरलो त्या घरी किंवा लॉजवर चावी ठेवावी. डायव्हिंगवाल्यांकडे कुलपाची पेटी असेल तर तिच्यात ठेवता येते, पण उघड्या टोपलीत नको.

आता दुसऱ्या चावीविषयी. नव्या गाडीबरोबर सहसा दोन चाव्या मिळतात. एक रोज वापरली जाते आणि दुसरी कपाटात झोपते. मालवणात अडकल्यावर पुण्याच्या कपाटातली चावी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक लांब असते, मुंबईची तर सुमारे पाचशे. म्हणून दुसरी चावी प्रवासात बरोबर घ्यावी आणि ती दुसऱ्या माणसाकडे, दुसऱ्या बॅगेत असावी. दोन्ही चाव्या एकाच पर्समध्ये ठेवल्या तर दुसरी आणल्याचा उपयोग काय?

आणखी एक स्वस्त उपाय आहे. आजच्या बहुतेक चाव्यांत बारीक चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पण दार उघडायला नुसते धातूचे पाते पुरते. चावीवाल्याकडून त्या पात्याची साधी नक्कल करून घेतली तर ती दोरीला बांधून गळ्यातही घालता येते. वर आल्यावर गोड्या पाण्याने धुतली की झाले. तिने गाडी चालू होणार नाही, पण दार उघडेल, कपडे मिळतील. काही गाड्यांत असे दार उघडल्यावर भोंगा वाजतो, म्हणून घरी एकदा करून पाहावे. बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांच्या रिमोटमध्येही असे पाते लपवलेले असते आणि दाराच्या हँडलवर, कधी प्लास्टिकच्या टोपणाखाली, त्याचे भोक असते. अनेक मालकांना हे वर्षानुवर्षे माहीत नसते. गाडीबरोबर आलेले पुस्तक एकदा उघडावे.

‘आमची गाडी हुशार आहे, चावी आत असली तर ती कुलूप लावतच नाही,’ असे कुणी म्हणेल. बऱ्याचदा ते खरे असते. पण चावीची बॅटरी उतरली असेल किंवा चावी स्टीलच्या डब्यात ठेवली असेल तर गाडीला तिचा पत्ता लागत नाही. रिमोटने उघडल्यावर काही वेळ एकही दार उघडले नाही तर अनेक गाड्या आपोआप पुन्हा बंद होतात, हेही लक्षात ठेवावे.

घरातल्या भगिनींना आमचे एक खास सांगणे आहे. एक छोटी पिशवी गाडीत ठेवायचीच नाही, असे ठरवावे. तिच्यात प्रत्येकीसाठी कोरडी ओढणी किंवा बुरखा, एक मोठा टॉवेल, वडीलधाऱ्यांची त्या दिवसाची औषधे, थोडे खाणे, काही रोख रुपये आणि कागदावर लिहिलेले चार फोन नंबर असावेत. मोबाइल गाडीत अडकला की आपल्याला सख्ख्या भावाचाही नंबर आठवत नाही. त्याच कागदावर विमा कंपनीचा रस्त्यावरील मदतीचा नंबर लिहावा. पॉलिसीत ही सोय असेल तर गाडी उघडून देणारा माणूस अनेकदा त्यातच मिळतो. ओल्या कपड्यांत अनोळखी गर्दीत ताटकळत उभे राहणे किती अवघड असते, हे आमच्या भगिनींना वेगळे सांगायला नको. ती पिशवी हाताशी असेल तर उशीर फक्त उशीरच राहतो, त्याची शरमिंदगी होत नाही.

इतके करूनही गाडी बंद झालीच, तर पहिला प्रश्न एकच: आत कुणी आहे का?

आत मूल असेल तर चावीवाल्याची वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. उन्हात बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. काच दोन बोटे खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याला खाणाखुणांनी पुढच्या सीटवर बोलवावे आणि पुढच्या दाराची आतली कडी ओढायला सांगावे. मागच्या दारांना ‘चाइल्ड लॉक’ असेल तर ती आतून उघडत नाहीत. ते जमले नाही तर ११२ वर फोन करावा आणि मूल कासावीस दिसत असेल तर मदतीची वाट न पाहता काच फोडावी. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नये. ती दोन थरांची असते आणि मधला पडदा तिला धरून ठेवतो. बाजूच्या दाराची काच, मुलापासून सर्वांत लांबची, निवडावी. हाताला कापड गुंडाळून टोकदार जड वस्तूने मध्यभागी नव्हे, तर कोपऱ्याजवळ मारावे. बहुतेक गाड्यांत तिचे बारीक दाणे होऊन पडतात. काच पुन्हा बसवता येते.

आत कुणी नसेल तर घाई कशाचीच नाही. पट्टी, तार दारात खुपसून पाहणारे हौशी लोक लगेच जमतात. त्यांना नम्रपणे थांबवावे. दाराच्या आत विजेच्या तारा असतात आणि काही गाड्यांत एअरबॅगची जोडणीही. चावीवाला हवेची छोटी पिशवी दाराच्या फटीत फुगवून लांब सळईने कडी उघडतो आणि सहसा ओरखडाही पडत नाही. किल्ली हरवलीच असेल तर नवी चावी गाडीशी जुळवावी लागते. ते काम सर्व्हिस सेंटर करते आणि त्यासाठी आरसी व ओळखपत्र मागते.

तोवर काय करावे? सावली शोधावी, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना पाणी पाजावे, जवळची मशीद कुठे आहे ते विचारावे. अस्रची वेळ तिथे शांतपणे साधता येते. आणि जिभेला लगाम घालावा. ज्याच्या हातून चावी आत राहिली, त्याला ते सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कळलेले असते. सगळ्यांसमोर, बायकोमुलांसमोर त्याला ऐकवलेले शब्द मात्र गाडी उघडल्यावरही त्याच्या मनातून जात नाहीत. चावीवाल्याचे पैसे महिन्याभरात विसरले जातात, तो अपमान वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

यंदा मालवणला निघणार असाल तर आदल्या रात्री दस्तरखान उचलण्याआधी मुलांना विचारायला सांगा, “उद्या चावी कोणाकडे?” दुसरी चावी कोणाकडे, ती पिशवी कोण उचलणार, किनाऱ्यावर कोण थांबणार, हेही तेव्हाच ठरू द्या. पाच मिनिटांचे काम आहे. सफर सुखाची होवो.