‘टू’ आणि ‘व्हेरी’ची गल्लत



गेल्या महिन्यात भाचीने नोकरीसाठी अर्ज लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिला. मुलगी एम.एस्सी. झालेली, अर्जही नीटनेटका. फक्त शेवटी एक वाक्य होते, ‘आय अ‍ॅम टू इंटरेस्टेड इन धिस पोस्ट.’ मी त्याखाली रेघ मारली तर म्हणाली, “मामू, टू म्हणजे खूपच ना?”

नाही. घोळ आपल्या ‘फार’ने केला आहे. ईदच्या दिवशी कोणी म्हणाले, ‘शीरखुर्मा फार गोड झालाय,’ तर ते कौतुक की तक्रार, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते. घरात बोलतो त्या ‘बहुत मीठा’चेही तेच. इंग्रजीत हे काम चेहऱ्यावर सोडत नाहीत, शब्दच वेगळा वापरतात. ‘व्हेरी स्वीट’ म्हणजे खूप गोड, एवढेच. ‘टू स्वीट’ म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त गोड, वाटी बाजूला सारावी असा.

म्हणूनच ‘टू’च्या मागोमाग पुष्कळदा काय जमणार नाही तेही येते. ‘दादी इज टू वीक टु फास्ट.’ दादी इतकी अशक्त आहे की तिला रोजा झेपणार नाही. (पहिल्या ‘टू’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’, दुसऱ्यात एकच.) याच जागी ‘दादी इज व्हेरी वीक’ लिहिले तर ती खूप अशक्त आहे एवढेच कळते, रोजा ठेवणार की नाही, ते त्या वाक्यात नाही. सुट्टीच्या अर्जात, डॉक्टरांना लिहिलेल्या चिठ्ठीत हा फरक लहान नाही.

‘यू आर टू काइंड’ मात्र चालते. माझ्या लायकीपेक्षा जास्त मेहेरबानी केलीत, असा त्यात नम्रपणा आहे. तरुण मंडळी ‘टू गुड यार’ म्हणतात. दोस्तांत म्हणू द्या, अर्जात नको.

‘व्हेरी’लाही सगळीकडे प्रवेश नाही. ‘एक्सलंट’, ‘परफेक्ट’, ‘इम्पॉसिबल’ हे शब्द आधीच टोकाला पोचलेले. त्यांच्यापुढे ‘व्हेरी’ शोभत नाही, जोर हवाच असेल तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावावे. ‘व्हेरी बेटर’ तर साफ चूक. तुलना आली की ‘मच बेटर’. आणि ‘इनफ’ विशेषणाच्या पुढे नाही, मागे चालतो: ‘ओल्ड इनफ’.

‘क्वाइट’ जरा फसवा आहे. ब्रिटिश साहेब ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर लगेच पेढे वाटू नका. बरेचदा त्याचा अर्थ ‘बरे आहे, ठीक आहे’ इतकाच असतो. तोच ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणाला तर मात्र ‘अगदीच अशक्य’. अमेरिकन माणसाचे ‘क्वाइट गुड’ सहसा खरोखरचे कौतुक असते. आखाती देशांत दोन्हीकडचे वरिष्ठ भेटतात, तेव्हा बोलणारा कुठला आहे तेही पाहावे.

भाचीने ‘टू’ खोडून ‘व्हेरी’ लिहिले आणि अर्ज गेला. जबाब अजून आलेला नाही.

सरावासाठी दोन वाक्ये. इंग्रजी करून घरातल्या मोठ्यांना दाखवा:
१) ही पेटी इतकी जड आहे की अब्बांना उचलत नाही.
२) आज आपाची तब्येत कालच्यापेक्षा खूप बरी आहे.