जागा चार टक्के, वाट सत्तर किलोमीटर



दिव्यांगांच्या नोकरीचा विषय निघाला की बोलणे आरक्षणावर येऊन थांबते. जागा राखीव आहेत, आता आणखी काय हवे, असा सूर लागतो. जागा आहेत हे खरे. १९९५ च्या कायद्याने ३ टक्के दिल्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि सातऐवजी एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले. पण त्याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये पुढेही काही लिहिले आहे. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या वर्षात न्यायची. तेव्हाही मिळाला नाही तर दिव्यांगांच्या दुसऱ्या प्रवर्गाला द्यायची. तिथेही कोणी नसेल तर दिव्यांग नसलेल्या माणसाने ती भरायची. म्हणजे नाव नोंदणी, दाखला, जाहिरात, अर्ज, परीक्षा केंद्र यांतल्या एका टप्प्यावरही माणूस अडला, तर राखीव जागा कायदेशीरपणे हातची जाते. म्हणून माझे म्हणणे असे की सरकारी रोजगार सेवा दिव्यांगाला वापरता येणे हाच आरक्षणाचा पाया आहे आणि तो घालणे सरकारचे काम आहे, उमेदवाराचे नव्हे.

आपल्या माढा तालुक्यापुरते पाहू. जुन्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे नाव बदलत बदलत ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ इतके लांब झाले, पण ते बसते सोलापुरातच. माढ्याहून सत्तरएक किलोमीटर, उजनीकाठच्या गावांहून त्याहून जास्त. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. गाडीच्या पहिल्या पायरीच्या उंचीत मात्र काही सवलत नाही. अंतर हा कामाच्या हक्कातला अडथळा असतो, हे सरकारला नव्याने सांगायला नको. मागेल त्याला काम देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्येच केला. देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्या, नाहीतर १० टक्के जादा मजुरी द्या, असे बजावले. धडधाकट मजुराच्या पायाला जो हिशेब लावला, तो कुबडीवर चालणाऱ्या पदवीधराला का नाही?

यावर उत्तर येते की आता सगळे ऑनलाइन आहे, महास्वयम् पोर्टलवर घरबसल्या नोंदणी होते. ही सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सरकारी संकेतस्थळावर वाकडी-तिकडी अक्षरे ओळखून लिहा म्हणणारा चौकोन आला, की अंध माणसाचा अर्ज तिथेच संपतो. जाहिरात स्कॅन करून चित्र म्हणून टाकली, तर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते कोरे पान असते. अर्ज भरून घ्यायला सेतू केंद्रात जावे, तर ते कित्येकदा जिन्याने वर. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आहे. शिवाय कागदपत्रांची पडताळणी ऑनलाइन होत नाही; तिथे इमारतच गाठावी लागते.

इमारतींची गोष्ट तर मोजून पाहण्यासारखी आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, हे मान्य प्रमाण. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट हवेत. आपल्या भागात कचेरीपुढचा उतार चार-पाच फुटांत उरकलेला दिसला तर तो फोटोपुरता आहे असे समजा. त्यावरून चाकाची खुर्ची चढवायला दोन माणसे लागतात आणि उतरवताना देवाचे नाव. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या, ही मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम रद्द केला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा असे सांगितले.

‘इथे दिव्यांग येतच नाहीत, खर्च कोणासाठी?’ असे विचारणाऱ्यांनी आधी हे सांगावे की आले असते तर कुठून आले असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग मोजले गेले. बोगस दाखल्यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२४ मध्ये गाजलेल्या बोगस दाखल्याच्या प्रकरणानंतर तर तो प्रत्येकाच्या तोंडी आहे. बोगस दाखला खऱ्या दिव्यांगाचीच जागा खातो, तेव्हा पडताळणी कडक व्हावीच. पण तिचा बोजा दाखला देणाऱ्या मंडळावर आणि अधिकाऱ्यांवर पडावा. खऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा सोलापूर-पुणे करायला लावून चोर सापडत नाही. राहिला ‘सरकारी नोकऱ्याच कुठे आहेत’ हा मुद्दा. कमी आहेत, म्हणूनच खासगी जागांची माहिती हवी. २५ किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांनाही रिक्त जागा कळवण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने घातले होते. टेंभुर्णीच्या एमआयडीसीतून आणि साखर कारखान्यांतून किती जागा कळवल्या जातात, हे रोजगार केंद्राने जाहीर करावे.

मागणी अशी: रोजगार केंद्राने महिन्यातून एक ठरलेला दिवस माढा, कुर्डुवाडी आणि टेंभुर्णी येथे तळमजल्यावर बसावे, सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती सोबत आणावी, नोंदणी आणि पडताळणी तिथेच उरकावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. तहसील कचेरीतला तो अधिकारी कोण, त्याचे नाव फलकावर का नाही, हे येत्या ग्रामसभेत ठराव करून लेखी विचारा आणि उत्तराची पोच घ्या.