न्याहारीचेही माती परीक्षण हवे



उसात एआय आले, ही बातमी आता जुनी झाली. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीत पुरलेले सेन्सर यांच्या आधारे ऊस कसा जोपासतात, याची चर्चा २०२४ पासून गावोगावच्या पारावर चालू आहे. राज्य शासनानेही २०२५ साली शेतीतील एआयसाठी धोरण मंजूर केले. उसाला पाणी कधी द्यावे हे यंत्राला विचारायला आपला सभासद तयार झाला आहे. पण सकाळी पोरांना काय खायला द्यावे, हेही त्या यंत्राला विचारा की, असे म्हटले की तोच सभासद हसतो. "हे काय विचारायचं झालं का? घरची बघतील." आम्हांस मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातली सकाळ कशी असते हे आम्ही वेगळे सांगायला नको. जिथे शेतीपंपाला अजून रात्रपाळीची वीज आहे, तिथे घरचा गडी रात्रभर दारे धरून पहाटे अंग टाकतो. बाईच्या मागे धारा, डेअरीची वेळ, शाळेची बस. बस सातच्या आत येते. मग पोरगं चहात दोन बिस्किटे बुडवून पळते, आणि वाटेत दहा रुपयांचा चटकदार पुडा घेते. बागायत आली, स्लॅबचे घर झाले, फ्रीज आला आणि न्याहारी मात्र टपरीवर लटकणाऱ्या पुड्यात गेली! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला. हा आजार शहरापुरता राहिलेला नाही, हे प्रत्येक गावच्या दवाखान्यातली रांग सांगते.

रात्री किंवा रविवारी थोडी तयारी करून ठेवायची आणि सकाळी दहा मिनिटांत सकस न्याहारी पुढ्यात यायची, हा यावरचा उपाय. तो काही नवा नाही. आपल्या आज्या-पणज्या दुसरे काय करत होत्या? थालिपिठाची भाजणी, मेतकूट, दुधात पीठ भिजवून केलेली प्रवासाची दशमी, रात्री ताकात कालवून ठेवलेले नाचणीचे पीठ आणि सकाळी त्याची आंबील. हा सगळा आधी करून ठेवण्याचाच शहाणपणा होता. तो मोडला, कारण घरातली माणसे कमी झाली, प्रत्येकाची वेळ वेगळी झाली आणि एवढा सगळा मेळ डोक्यात ठेवायला कुणाला सवड उरली नाही. मेळ घालणे हे काम मात्र यंत्राला बरे जमते.

पण विचारायची रीत पाहिजे. माती परीक्षण न करता खत टाकू नका, असे आपले शेतकी खाते वर्षानुवर्षे सांगत आले. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस, सुरूला २५० किलोची. लागण कोणती, जमीन कशी हे न सांगता "उसाला किती खत?" असे विचारले तर उत्तर काय मिळणार? न्याहारीचेही तसेच आहे. "आधी करून ठेवता येईल असा आरोग्यदायी नाश्ता सांगा" एवढेच मोबाईलला विचारून बघा. बहुधा रात्रभर दुधात भिजवलेले ओट्स येतील, चिया नावाचे बी येईल, ओव्हनमध्ये भाजायची अंड्याची वाटी येईल. यंत्राचा दोष म्हणावा तर तोही पुरता नाही. ते जास्त करून इंग्रजी मजकुरावर शिकले आहे, तेव्हा परक्या स्वयंपाकघरातले सामान तुमच्या ओट्यावर मांडते. तुमच्या कणगीत ज्वारी आहे, हे त्याला कोण सांगणार?

तेव्हा घराचा उतारा त्याच्यापुढे ठेवावा. गुगलचे जेमिनी २०२४ च्या जूनपासून मराठीतही चालते, आणि इतरही अशी साधने मराठी समजतात. बोलून विचारले तरी चालते. प्रश्न साधारण असा असावा: "घरात सहा माणसे. आजीला मधुमेह, गोळ्या चालू. धाकट्याला शेंगदाणे सोसत नाहीत. दोन पोरे पावणेसातला बसने जातात, डबा कोरडा हवा. घरधनी नऊला शेतात न्याहारी करतो. घरात ज्वारी, नाचणी, हरभरा डाळ, उडीद, मटकी, तीळ, जवस, ताक आहे. भाजी आठवडी बाजारातून, आठवड्यातून एकदा. फ्रीज आहे पण वीज जाते. ओव्हन नाही. रात्री अर्धा तास आणि रविवारी दीड तास सवड. बाहेरून महाग काही आणायचे नाही. सात दिवसांची आखणी करा, आणि कोणते काम कुणी कधी करायचे ते लिहा."

असा प्रश्न विचारला की उत्तराचा नूर पालटतो. रविवारी मटकी भिजत घाला, संध्याकाळी फडक्यात बांधा, सोमवारी रात्रीपर्यंत मोड येतील. मंगळवारी उसळ, उरलेली वाटून बुधवारी धिरड्यात. भाजणी महिन्यातून एकदा दळून आणा; रात्री कांदा आणि मेथी चिरून ठेवली तर सकाळी थालीपीठ दहा मिनिटांत. एकच भिजवण तीन दिवस कशी वापरायची, बाजारातली पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवून मग कडधान्यावर कसे यायचे, आजीच्या ताटातले काय वगळायचे आणि धाकट्यासाठी शेंगदाण्याच्या कुटाऐवजी तिळाचा कूट कुठे घालायचा, हा सगळा मेळ यंत्र घालते. एखादा दिवस बिघडला, पाहुणे आले, तर "बुधवार सोडून पुन्हा मांड" म्हटले की मांडते. कंटाळत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आकड्यांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नये. एका थालिपिठात किती प्रथिने, असे दोनदा विचारले तर दोन उत्तरे मिळू शकतात, आणि दोन्ही ठणकावून दिलेली! त्यापेक्षा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले तक्ते प्रमाण मानावेत. त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. ज्वारीत प्रथिने १० ग्रॅमच्या आसपास, मटकीत २० च्या आसपास, शेंगदाण्यात २३-२४. म्हणजे आपल्या कणगीत आणि डब्यात जे आहे, ते पुड्यातल्या महाग बियांपुढे उणे नाही. भाकरीसोबत कडधान्य, वर लिंबू पिळलेले आणि चहा जेवणाला लागून न घेता तासभर मागे-पुढे, एवढे पाळले तरी अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते.

टिकण्याचा प्रश्नही घरच्यांनीच बघावा. कोरडे टिकते, ओले नासते, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. यंत्र सरळ "फ्रीजमध्ये चार दिवस ठेवा" म्हणून मोकळे होते. त्याचा फ्रीज कधी बंद पडत नाही! रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. भात रात्रभर चुलीशेजारी उबेत राहिला तर त्यात शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीज वाढीस लागते आणि त्याचे विष नंतर गरम केल्यानेही जात नाही. भात उरणारच असेल तर पसरून लवकर निववावा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. रात्रभर वीज नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत तो खाऊच नये. इडलीचे पीठही थंडीत बारा-चौदा तास घेते, उन्हाळ्यात सहा-आठ तासांत फसफसते. यंत्राला महिना आणि वीज जाण्याची वेळ सांगावी, तरी शेवटी वास घेऊन ठरवणारे नाक घरचेच.

आता साखरेविषयी. साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहिणे काहींना रुचणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्य तर ५ टक्क्यांच्या. म्हणजे २००० उष्मांकाच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत. दोन चमचे घातलेला चहा सुमारे १० ग्रॅमचा. चार कपांत ४० गेले, बिस्किटे वेगळीच. इथे यंत्र हमखास एक सल्ला देते: साखरेऐवजी गूळ घाला, तो आरोग्यदायी. आपण ऊस पिकवणारी माणसे. गुऱ्हाळ आपणही पाहिले आहे. काकवी आटवून गूळ होतो, त्यात खनिजे थोडी जास्त, चव न्यारी, पण अंगात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. आजीला मधुमेह असेल तर गुळाचा लाडू ही पळवाट नव्हे. तिच्या गोळ्या आणि खाणे यांचा मेळ डॉक्टरांनीच घालावा, तो मोबाईलला विचारू नये. आणि "घरोघर साखर कमी खाल्ली तर आमच्या उसाचं काय?" असे कुणी म्हणेल, तर देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले, हे त्याने ध्यानात घ्यावे. उसाचा भाव आपल्याच नातवंडांच्या कपातल्या साखरेवर अवलंबून ठेवायचा, हा हिशेब आम्हांस मान्य नाही.

सर्वांत नाजूक गोष्ट पुढेच आहे. मोबाईल पुरुषाच्या खिशात आणि चूल बाईच्या माथी, अशी बहुतेक घरांची वाटणी आहे. गडी दोन मिनिटांत सात दिवसांची आखणी काढतो, कौतुकाने वाचून दाखवतो आणि "हे असं कर" म्हणून बाहेर पडतो. बाईचे काम कमी व्हायच्या ऐवजी रविवारचे दीड तास वाढले! असला नाश्ता सुधारून काय उपयोग? म्हणूनच वरच्या प्रश्नात "कोणते काम कुणी" हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. यंत्र आपणहून बहुधा सगळी कामे एकाच माणसाची धरते. त्याला सांगा: धान्य निवडणे आजीचे, डाळ भिजत घालणे आणि फडके बांधणे पोरांचे, दळण आणणे आणि भाजी चिरणे घरधन्याचे. दारे धरणारा हात कांदा चिरू शकतो. आखणी वाचून दाखवायची तर ती सगळ्यांना बसवून दाखवा आणि घरच्या बाईला "यातलं काय जमणार नाही?" हे आधी विचारा. ती जे खोडील ते पुन्हा यंत्राला सांगावे.

नाव, आधार क्रमांक, रक्ताचे रिपोर्ट असले काही त्यात टाकू नये. "एक मधुमेही आजी" एवढ्याने भागते.

आमची सूचना अशी आहे, की यंदा गटवार महिला मेळाव्यांत हळदीकुंकवाच्या आधी अर्धा तास यासाठी काढावा, आणि पुरुष सभासदांनीही तिथे बसावे. ज्यांना मोबाईल वापरता येतो अशा पोरापोरींनी इतरांचे प्रश्न लिहून द्यावेत. प्रत्येक गावात भाजणीचे प्रमाण वेगळे. कुणी बाजरी जास्त घालते, कुणी धणे भाजून घालते, कुणी सोयाबीन मूठभर. ही प्रमाणे यंत्राला ठाऊक नाहीत, आणि ज्यांना ठाऊक आहेत त्या म्हाताऱ्या माणसांकडून ती आताच उतरवून घेतली पाहिजेत. आपल्या घरचे प्रमाण वाटीच्या मापाने कागदावर लिहून गट कार्यालयात द्यावे. किती दिवस टिकते आणि कोणत्या महिन्यात करतात, हेही लिहावे. कागदावर गाव आणि गट घालावा. घरातल्या आजारपणाचा उल्लेख करू नये, तो आम्ही छापणार नाही.