इशारा उंबरठ्यापर्यंत पोहोचावा

पावसाळा गोमंतकाला नवा नाही. तरीही पाणी उंबरठ्याला लागल्यावरच काठावरच्या माणसाला पूर आल्याचे कळावे, ही गोष्ट कोणत्याही प्रशासनाला भूषणावह नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणातून सोडलेल्या पाण्याने शापोरा नदीकाठच्या गावांत हाहाकार उडविला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने झाडांबरोबर विजेचे खांबही आडवे केले. त्याच वर्षी २३ जुलै रोजी म्हादईच्या पुराने सत्तरीत असंख्य घरांची वाताहत केली.

इशारे दिले जात नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. वेधशाळा पिवळा, नारिंगी, लाल असे रंग जाहीर करते. मोबाईलवरही संदेश येतात. परंतु ‘उत्तर गोव्यात अतिवृष्टीची शक्यता’ एवढ्यावरून गोठ्यातील गुरे केव्हा सोडावीत, हे शेतकऱ्याने कसे ठरवावे? धरणातून पाणी किती वाजता सुटणार, ते कोणत्या वाड्यावर केव्हा पोहोचेल, कोणता साकव बंद आहे, आसरा कोणत्या शाळेत आहे, हे त्याला हवे असते. हा तपशील वेधशाळा देऊ शकणार नाही. वरून आलेला इशारा गावाच्या भाषेत उतरविणे हे पंचायतीचे व पालिकेचे काम होय. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकलेली आहे.

दुसरी गोष्ट साधनांची. वीज गेली की मोबाईलही मुका होतो, हा तौक्तेचा धडा आहे. म्हणून वाड्यावाड्यावर भोंगा हवा, देवळाची नि चर्चची घंटा हवी, आणि एकट्या वृद्धांच्या व परप्रांतीय मजुरांच्या दाराशी जाऊन सांगणारी नेमून दिलेली माणसे हवीत.

तिसरी गोष्ट सचोटीची. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे आणि पुढची माहिती किती वाजता देणार, हेही सांगावे. अधिकारी मौन पाळतात, तेव्हा त्यांच्या जागी अफवा बोलू लागते.

यास कोट्यवधींचा खर्च लागत नाही. मृगापूर्वीच्या ग्रामसभेत प्रत्येक पंचायतीने ही व्यवस्था लोकांसमोर मांडावी आणि एकदा तिची रंगीत तालीमही घ्यावी. पूर ओसरल्यावर पंचनामे करण्यात जी तत्परता दिसते, तिचा काही अंश पूर येण्यापूर्वी दिसला, तर पंचनाम्याचे कागद पुष्कळ कमी लागतील.